‘रेत समाधि’: शोक नेमका कोणाचा?

नवरा गेल्यानंतर ऐंशी वर्षांच्या एका बाईने अंथरूण धरले आहे. उत्तर भारतातल्या कडाक्याच्या थंडीचे दिवस आहेत, अंगावर रजई आहे, तोंड भिंतीकडे आणि पाठ साऱ्या घराकडे आहे. मुलगा, सून, नातवंडे, नोकरचाकर आणि भेटीला येणारे नातलग सगळे त्या पाठीशीच बोलतात. कोणी चहा पुढे करते, कोणी जरा उन्हात चला म्हणते, कोणी समजूत घालता घालता चिडते, पण पाठ जागची हलत नाही. गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’ या हिंदी कादंबरीचा ‘पीठ’ म्हणजे पाठ या नावाचा पहिला भाग मुख्यतः एवढ्याच प्रसंगावर उभा आहे. म्हातारीने नवऱ्याच्या मृत्यूची हाय खाल्ली, याबद्दल घरात कोणालाच शंका नाही, आणि वाचकही मुकाट्याने तेच धरून चालतो. शेवटच्या भागात पोहोचल्यावर मात्र आपण घरच्यांइतकेच फसलो होतो, हे ध्यानात येते. शोक होता, खराच होता, पण तो ज्याचा समजला गेला त्याचा तो नव्हता. या कादंबरीची खरी ताकद मला या चकव्यात दिसते; सरहद्दीवरच्या तिच्या गाजलेल्या भाष्यात तेवढी दिसत नाही.

राजकमल प्रकाशनाने ही कादंबरी 2018 मध्ये काढली. हिंदीत तिची चर्चा झाली, पण ती साहित्यवर्तुळापुरतीच. डेझी रॉकवेल यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2021 मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला आणि मे 2022 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे भारतीय भाषेतले हे पहिलेच पुस्तक. पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादिका यांना निम्मी निम्मी मिळाली. त्यानंतर पुस्तकाला जी मागणी आली तिच्यामुळे अनेक घरांत ते पोहोचले आणि, माझा अंदाज आहे, साठ-सत्तर पानांच्या आसपास खूण घालून कपाटात गेले. तसे होणे अगदी साहजिक आहे. कथानकाच्या ओढीने वाचणाऱ्याची ही कादंबरी पुरेपूर परीक्षा घेते.

पहिल्या भागातली गोष्ट सांगायची तर चार वाक्यांत संपेल, पण गंमत गोष्टीत नाहीच. ती आहे घराच्या वर्णनात. या घरातल्या बहुतेकांना नावे नाहीत, नुसती नाती आहेत: माँ, बड़े, बहू, बेटी. बड़े म्हणजे थोरला मुलगा; तो सरकारी अधिकारी आहे आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. बंगला सोडायची वेळ जवळ आलेली, त्यामुळे घरात एका बाजूला दुखवटा तर दुसऱ्या बाजूला निरोपाच्या मेजवानीची तयारी आणि हिरवळीवर फुललेली गुलदाउदी. सून परदेशातल्या मुलाने दिलेले रीबॉकचे बूट घालून घरात वावरते आणि सासूची सेवा आपण किती करतो, याचा हिशेब मनातल्या मनात सतत मांडत असते. एकत्र कुटुंबातली ही जी रस्सीखेच आहे, म्हणजे वडीलधाऱ्या माणसाला आपल्याच हातून चमचाभर पेज जावी आणि तेही चारचौघांदेखत जावी, यासाठीची धडपड, ती लेखिकेने इतक्या बारकाईने टिपली आहे की वाचताना हसू येते आणि हसता हसता आपल्याच घरातला एखादा दिवाणखाना आठवून ते ओठांवरच विरते. घराचा जुना दरवाजासुद्धा इथे एक पात्र आहे. बदलीच्या गावोगावी घर बदलले तरी त्या दरवाजाने सगळे पाहिले आहे, थोरल्याचा दरारा आणि बेटीचे एके काळचे खिडकीतून पळणेही.

या साऱ्या गजबजीत एक व्यक्ती जवळजवळ नाही, आणि ती म्हणजे मेलेला नवरा. पहिल्या वाचनात ही अनुपस्थिती मला लेखिकेचा संयम वाटली होती. दुसऱ्यांदा वाचताना कळले की तोच मुख्य पुरावा आहे. त्याच्या सवयी, त्याचा आवाज, त्याचा आजार, त्याच्याबरोबरची वर्षे यांतले जवळपास काहीच म्हातारीच्या मनात येताना दिसत नाही. तिने पाठ फिरवली ती त्याच्या जाण्यामुळे, हे खरे, पण त्याचा विरह सहन होत नाही म्हणून नव्हे. पत्नी म्हणून करायचे जे काही होते ते संपले. आता आई, सासू, आजी या राहिलेल्या भूमिका पुढे चालवायच्या की नाही, हा तिच्यापुढचा प्रश्न आहे आणि तो सोडवायला तिला भिंत लागते. कुटुंबाला तो आजार वाटतो. खरे तर ते एक काम आहे, आणि जगाला न दिसणारे काम ती शांतपणे करत पडली आहे.

मग परदेशातून आलेला नातू एक काठी आणतो. सोनेरी, घडीची, फुलपाखरे असलेली. आजपर्यंत कोणाच्या शब्दाने न उठलेली ही बाई त्या काठीने उठते, म्हणजे आधी अंथरुणातच काठी उभी धरते आणि आपण कल्पतरू असल्याचे सांगते. घरचे हसतात, शेजारपाजारचे मागणी मागायला येतात आणि म्हातारी एकेक वस्तू देऊन टाकू लागते. मोह सोडण्याचा हा प्रकार आपल्या संतांच्या गोष्टींतून ओळखीचा आहे, पण लेखिका त्याला अध्यात्माचा वास लागू देत नाही. देण्यात एक खट्याळपणा आहे आणि थोडासा सूडही असावा, असे मला वाटते. पुढे एके दिवशी ती घरातूनच नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर घरातली बुद्धाची जुनी मूर्तीही. ही मूर्ती उपाशी, हाडे दिसणाऱ्या बुद्धाची आहे. तिचा धागा लेखिका फार सावकाश सोडते आणि फार दूर नेऊन बांधते, म्हणून वाचकाने तो हातचा जाऊ देऊ नये.

दुसरा भाग ‘धूप’, म्हणजे ऊन. माझ्या दृष्टीने कादंबरीचा हा सर्वोत्तम भाग आहे आणि त्याचे श्रेय मी बेटीच्या व्यक्तिरेखेला देईन. सापडलेली आई थोरल्या मुलाच्या घरी परत न जाता बेटीच्या फ्लॅटमध्ये राहायला येते. बेटी लग्नाच्या बंधनात न पडलेली, स्वतःच्या पायावर उभी, आपल्या मनाप्रमाणे झोपणारी-उठणारी, केके नावाचा मित्र असलेली. तिची ओळखच मुळी अशी, की मी त्या घरातल्यांसारखी नाही. आणि आता तिच्या या मोकळ्या घरात आई शिरते, आणि आईबरोबर आईचे पोट, आईची औषधे, आईचे पडणे-झडणे, रात्री-अपरात्री कानोसा घेण्याची सवय. बघता बघता आई मुलीसारखी होते आणि मुलगी आई; इतकेच नव्हे, ज्या वहिनीला ती वर्षानुवर्षे नावे ठेवत आली, त्या वहिनीसारखी ती दिवसभर सेवेचा हिशेब ठेवू लागते.

म्हातारपणी स्वातंत्र्य मिळालेल्या बाईची गोष्ट म्हणून या पुस्तकाचे सर्वत्र कौतुक झाले. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. आई साडी सोडून सैल गाऊन घालू लागते, बाल्कनीतल्या झाडांशी बोलते, नवे खाणे मागते, देहाकडे कुतूहलाने बघते, ऊन अंगावर घेते. हे सगळे वाचताना मन प्रसन्न होते, नाही असे नाही. पण त्याची किंमत कोण मोजते आहे, हे लेखिका एक क्षणही विसरत नाही. बेटीचे लिखाण थांबते, केकेचे येणे अवघड होत जाते, घरातली शांतता जाते, आणि तक्रार करायला जागा नसते, कारण आईला आणले तिनेच आणि प्रेमानेच. एकीला जे सापडते आहे ते दुसरीच्या पदरातून जाते आहे. ‘स्वतःचा शोध’ हा शब्दप्रयोग आपण आजकाल फार स्वस्तात वापरतो. या शोधाला घरातले दुसरे माणूस लागते आणि ते झिजते, ही गोष्ट इतक्या ममतेने आणि इतक्या निष्ठुरपणे मांडलेली मी फारशी वाचलेली नाही. रात्री शेजारच्या खोलीत आईचा श्वास नीट चालू आहे ना, हे ऐकत पडलेली बेटी माझ्या तरी मनातून अजून गेलेली नाही. वयस्क आईवडिलांना घरी आणलेल्या कोणालाही ही पाने वाचताना आपण उघडे पडलो असे वाटेल.

याच घरात रोझीचे जाणे-येणे वाढते. रोझी हिजडा आहे आणि तिची माँशी जुनी ओळख आहे. तीच रझा मास्टर नावाचा शिंपीही आहे. कधी रोझी म्हणून येते, कधी रझा म्हणून, आणि माँला त्यात अडखळण्यासारखे काहीच वाटत नाही. अडखळते ती बेटी, जी स्वतःला आधुनिक समजते. तिचे हे अवघडलेपण, म्हणजे रोझीने वापरलेल्या पेल्याकडेसुद्धा आपली नजर जाते हे जाणवून आलेली लाज ज्या जातीची असते तसले, लेखिकेने तिला सहजासहजी माफ केलेले नाही. पुढे रोझीचा खून होतो आणि पोलीस, शेजारी, समाज यांपैकी कोणाला त्याचे सोयरसुतक नसते. सुतक पाळते ती माँ. नवऱ्याच्या मृत्यूनंतर घराने तिच्याकडून ज्या शोकाची अपेक्षा केली होती, तो उघड, कृतीत उतरणारा शोक ती रोझीसाठी करते: रोझीचे राहून गेलेले काम पुरे करायला आपण पाकिस्तानात जाणार, असे ती जाहीर करते. घरचे हादरतात. बेटी सोबत निघते.

‘हद-सरहद’ या तिसऱ्या भागात कादंबरीचा सूर पालटतो. वाघा सीमेवरचा संध्याकाळचा कवायतीचा तमाशा सुरू असताना फाळणीवर लिहिणारे लेखक तिथे येऊन बसतात: मंटो, भीष्म साहनी, कृष्णा सोबती, इंतिज़ार हुसैन आणि त्यांच्या कथांतली माणसेही. ज्याने हे साहित्य थोडेफार वाचले आहे त्याला हे प्रकरण मेजवानीसारखे वाटेल. ज्याने वाचलेले नाही त्याला आपण अनोळखी लग्नाच्या पंगतीत बसलो आहोत, असे वाटण्याची शक्यता आहे. हे पुस्तक कृष्णा सोबतींना अर्पण केलेले आहे, हे इथे लक्षात ठेवावे. गीतांजली श्री यांना फाळणीवर आणखी एक कादंबरी लिहायची नव्हती, फाळणीवरच्या कादंबऱ्यांच्या पंक्तीत आपली बाई नेऊन बसवायची होती, असे मला वाटते.

सरहद्द ओलांडल्यावर माँला नाव मिळते. ती चंदा आहे. फाळणीपूर्वी सरहद्दीच्या याच, आता पाकिस्तानात असलेल्या बाजूला राहणारी, अन्वर नावाच्या मुसलमान तरुणाशी लग्न झालेली, आणि 1947 च्या वावटळीत त्याच्यापासून तुटून, इतर मुलींबरोबर वाळवंट तुडवत भारताच्या बाजूला येऊन पडलेली. मग तिथे दुसरा संसार झाला, मुले झाली, नातवंडे झाली, कित्येक दशके गेली. नाव कळते तेव्हा कादंबरी संपत आलेली असते. इतका वेळ ज्या स्त्रीला आपण तिच्या नात्यानेच हाक मारत होतो, तिला नाव होते हेच आपल्या डोक्यात आले नव्हते, ही जाणीव वाचकाला अस्वस्थ करते. आणि मग पहिल्या भागातल्या त्या पाठीचा अर्थ लागतो. जो शोक कोणासमोर करता आला नाही, ज्याचे सुतक पाळायची सोय नव्हती, ज्याच्याबद्दल नव्या घरात अवाक्षर काढणे शक्य नव्हते, तो कित्येक दशके थांबून राहिला. नवरा गेल्यावर, आता कोणाचे मन दुखवायचे उरले नाही तेव्हा, त्याने आपली पाळी मागून घेतली. वैधव्याने तिला जणू पहिल्या दुःखासाठी रजा दिली.

एवढे मोठे सूत्र हाती असताना या भागात लेखिकेचा हात काही ठिकाणी सैल सुटला आहे, हेही सांगायला हवे. भारत-पाकिस्तानमधले व्हिसा ठरावीक शहरांपुरते असत. या दोघी ते न जुमानता खैबरपर्यंत पोहोचतात आणि पकडल्या जातात. तिथल्या चौकशीत माँ सरहद्द या गोष्टीवर जे लांबलचक बोलते, ते पुस्तकातले सर्वाधिक उद्धृत केले जाणारे पान झाले आहे. मला ते सर्वांत कमी पटले. तोवर ही बाई बोलत नव्हती, करत होती. तिच्या न बोलण्यातच तिची बुद्धी होती. अचानक ती सभेत बोलावे तशी बोलू लागते आणि तिच्या तोंडून लेखिका बोलते आहे, हे झाकत नाही. विचार सुंदर आहेत, भाषा तर आहेच, पण भिंतीकडे तोंड करून पडलेली ती बाई या वाक्यांमागे मला दिसली नाही. कावळ्यांची सभा आणि तिच्या आगेमागे पसरलेली प्रकरणेही मला निम्म्याने कमी चालली असती.

भाषेबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे, कारण पुस्तक आवडणे न आवडणे तिच्यावरच ठरेल. वाक्ये कधी पानभर वाहत जातात, कधी एक प्रकरण दोन-तीन ओळींत आटोपते. शब्दाला शब्द नादाने लागतो, अर्थाने मागाहून. मध्येच याद्या येतात, साड्यांच्या, पदार्थांच्या, आवाजांच्या. हिंदीत बोलीभाषा मिसळतात आणि सरहद्दीपलीकडे उर्दूचे पाणी वाढते. देवनागरीची सवय आणि कानावर पडलेली हिंदी एवढ्या भांडवलावर मराठी वाचकाला मूळ पुस्तक वाचता येईल, आणि इंग्रजी अनुवादापेक्षा मी त्याचाच आग्रह धरीन. रॉकवेल यांचा अनुवाद धाडसी आहे, शब्दखेळांना त्यांनी इंग्रजीत नवे खेळ उभे केले आहेत. पण सातशेहून अधिक पानांच्या त्या आवृत्तीत घरातल्या बोलण्याची ऊब, सुनेचा टोमणा आणि नोकराचे पुटपुटणे हे अनुवादाला झेपेल तेवढेच पोहोचते. मूळ हिंदी आवृत्ती पावणेचारशे पानांच्या घरात आहे. अडले तिथे शब्दकोशाकडे न धावता तो परिच्छेद मोठ्याने वाचावा. निम्म्या वेळा अर्थ कानातून आत येतो. उरलेल्या निम्म्या वेळा तो येत नाही, आणि तरीही पुढे जाता येते. शब्दखेळांतले सगळेच मात्र जमलेले नाहीत. काही ठिकाणी नादाच्या मोहात वाक्य गरगरत राहते आणि लेखिका आपल्याच चातुर्यावर खूश होऊन बसल्याचा संशय येतो.

फाळणीची झळ महाराष्ट्राला पंजाब-बंगालसारखी लागली नाही. आपल्याकडे ती पोहोचली ती कल्याणच्या लष्करी छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरच्या, पिंपरीच्या वसाहतीच्या रूपाने. त्या घरांतल्या म्हाताऱ्यांनी काय मागे ठेवले, हे त्यांच्या शेजारी राहिलेल्या मराठी माणसांनी क्वचितच विचारले असेल. या कादंबरीतले कुटुंब फाळणीशी आपला काही संबंध नाही अशा थाटात जगत असते. मराठी वाचकालाही त्या कुटुंबाच्या बाजूने गोष्टीत शिरता येते, हा आपल्यासाठी एक अनपेक्षित फायदा आहे.

खैबरमध्ये माँला कोण भेटते, काय बोलणे होते आणि शेवटी काय घडते, ते मी मुद्दाम सांगत नाही. एवढेच सांगतो की पहिल्या भागात थट्टेसारखी वाटलेली म्हातारीची एक हट्टी तालीम तिथे कामाला येते आणि तो शेवट रडवेपणाने नव्हे, तर एखाद्या कारागिराने ठरवून केलेल्या कामासारखा येतो. पुरस्कारानंतर दोन महिन्यांतच आग्र्यात लेखिकेच्या सत्काराचा ठरलेला कार्यक्रम रद्द झाला, कारण कादंबरीतल्या शिव-पार्वतीच्या उल्लेखाने भावना दुखावल्याची तक्रार झाली होती. तो वाद ऐकून पुस्तकाकडे वळणाऱ्यांची निराशाच होईल. त्यांना हवे ते इथे नाही.

घटनांची गती हवी असणाऱ्यांनी, किंवा नुकत्याच झालेल्या वियोगावर दिलासा शोधणाऱ्यांनी, हे पुस्तक सध्या बाजूला ठेवलेले बरे. ते समजूत घालत नाही. ज्यांना गीतांजली श्री यांची शैली झेपेल की नाही अशी शंका आहे, त्यांनी आधी त्यांची पहिली कादंबरी ‘माई’ वाचावी. 1993 मध्ये आलेली ती कादंबरी आकाराने लहान आणि वाचायला सरळ आहे. तिथेही एक वाकून वावरणारी आई आहे आणि तिला त्या घरातून सोडवण्याचा ध्यास घेतलेली मुले आहेत, पण आईला काय हवे आहे, हे त्या मुलांना शेवटपर्यंत नीट कळत नाही. ‘रेत समाधि’मधली आई कोणी सोडवण्याची वाट पाहत नाही, आणि पंचवीस वर्षांत लेखिकेने गाठलेला हा पल्ला दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचली तर अधिक स्पष्ट दिसतो.